गेमिंग लॅपटॉप आणि सीटखालचा हिरवा दिवा

विमान वर जाऊन स्थिरावलं, पट्ट्याची खूण विझली, सीटखाली चाचपून सॉकेट सापडलं. अडॅप्टर लावला, हिरवा दिवा लागला. गेम सुरू केला, पहिली मोठी लढाई रंगात आली आणि दिवा गेला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, त्यामुळे हे लक्षात यायलाही थोडा वेळ गेला. प्लग काढून पुन्हा लावला, दिवा आला. लढाई सुरू झाली, दिवा पुन्हा गेला. सॉकेट बिघडलंय असं म्हणून मी वैतागलो होतो. खरं तर ते अगदी ठणठणीत होतं.

गेमिंग लॅपटॉपसोबत येणारा विटेसारखा अडॅप्टर 230, 280, कधी 330 वॉटचा असतो. सीटच्या सॉकेटची मर्यादा विमानागणिक बदलते. जुन्या व्यवस्थेत साधारण 75 वॉट मिळतात, नव्या व्यवस्थेत 150 ते 200च्या आसपास. काही विमानांत दोन-तीन सीटना मिळून एकच वीजपेटी असते, म्हणजे शेजाऱ्यांचे लॅपटॉपही त्याच ताटात जेवतात. मर्यादा ओलांडली की पेटी पुरवठा तोडते. तिला तसंच बनवलेलं असतं.

एवढं अवाढव्य विमान, मग वीज देताना हात इतका आखडता का? बोइंग 787च्या दोन इंजिनांवर मिळून चार जनित्रं असतात, प्रत्येकी 250 किलोव्होल्ट-अँपिअरचं (ढोबळमानाने तेवढेच किलोवॉट). 300 प्रवाशांनी प्रत्येकी 300 वॉट ओढले तरी 90 किलोवॉट होतात, जनित्रांच्या एकूण ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. अडचण आहे ती जनित्रापासून सीटपर्यंतच्या वाटेत. बहुतेक प्रवासी विमानांत वीज खेळते ती 115 व्होल्ट, 400 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 400 आवर्तनांची; हीच तिची वारंवारिता. वारंवारिता जितकी जास्त तितका ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान लागतो, आणि विमानात वाचलेला प्रत्येक किलो मोलाचा. पण आपले अडॅप्टर 50-60 हर्ट्झसाठी बनवलेले, म्हणून सीटजवळची पेटी ती वीज साधारण 110 व्होल्ट, 60 हर्ट्झची करून देते. जास्त वॉट द्यायचे तर पेट्या मोठ्या हव्यात, तारा जाड हव्यात, आणि हे सगळं वजन प्रत्येक उड्डाणात वाहून न्यायचं. शिवाय लॅपटॉपने खाल्लेला वॉट न् वॉट शेवटी उष्णता होऊन केबिनमध्ये येतो. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता देतो. त्या हिशेबाने 200 वॉट खाणारा लॅपटॉप म्हणजे तिकीट न काढलेले दोन प्रवासीच!

आता खरी गंमत. हा दिवा जातो तो निव्वळ भुकेमुळे नाही, त्यामागे निरोपाची गफलत आहे. मोठा अडॅप्टर लॅपटॉपला आपली ओळख सांगतो: मी 280 वॉटचा. लॅपटॉप त्यावर विश्वास ठेवून हात सैल सोडतो. पण अडॅप्टरच्या मागे भिंतीतलं दणकट सॉकेट आहे की सीटखालची 75 वॉटची पेटी, हे अडॅप्टरलाच ठाऊक नसतं. पेटीकडे ते सांगायची सोयही नाही. तिच्याजवळ बोलायला एकच शब्द: बंद.

म्हणून विमानात मोठ्यापेक्षा छोटा अडॅप्टर जास्त कामाचा. यूएसबी-सी चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलणी करतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे 65 वॉट आहेत. लॅपटॉप तेवढ्यावर भागवतो. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरून सॉकेटमधून 72-73 वॉट ओढले जातात. 75च्या कुंपणाच्या जेमतेम आत. सॉकेट नव्या धर्तीचं असेल तर 100 वॉटचा चार्जरही चालतो. 2021मध्ये या पद्धतीची कमाल मर्यादा 100 वरून 240 वॉटवर गेली खरी, पण सीटवर तिचा उपयोग शून्य. सगळेच गेमिंग लॅपटॉप यूएसबी-सीवरून चार्ज होत नाहीत, हे मात्र निघण्याआधीच पाहून ठेवावं.

65 वॉटवर गेम चालेल का? नळ आणि टाकीचा हिशेब करा. नळातून 65 येतात, गेम 85 खातो, उरलेले 20 टाकीतून म्हणजे बॅटरीतून जातात. 90 वॉट-तासांची (म्हणजे 90 वॉट तासभर पुरवणारी) भरलेली बॅटरी ही तूट साडेचार तास सोसते. तोच गेम पूर्ण जोरात, 180 वॉटने चालवला तर तूट 115 वॉटची, आणि पाऊण तासात खेळ खलास. बॅटरी रिकामी घेऊन विमानात चढलात तर हा डाव सुरूच होत नाही.

180चे 85 करणं वाटतं तितकं जड नाही. चिपचा वीजखर्च ढोबळमानाने तिच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) पटीत वाढतो, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावा लागतो. वेग व व्होल्टेज दोन्ही एक पंचमांशाने उतरवले, तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो: 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 0.51. शेवटच्या थोड्या वेगासाठी आपण किती भारी किंमत मोजतो, ते यावरून कळतं. सेकंदाला 120 फ्रेमऐवजी (पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांऐवजी) 40 किंवा 60वर कुलूप घाला, ग्राफिक्स चिपची मर्यादा खाली ओढा. सीटच्या अंतरावरून, त्या मंद उजेडात, फरक फारसा जाणवत नाही. (स्पर्धेत खेळणारे सहमत होणार नाहीत. त्यांनी तसंही विमानातलं वायफाय विसरावं.)

वेग उतरवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते क्वचितच कुणाच्या ध्यानात येतं. केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो 6,000 ते 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. 8,000 फुटांच्या दाबाला हवा जवळजवळ पाव हिश्श्याने विरळ होते. पंखा तितक्याच फेऱ्या मारतो, पण प्रत्येक फेरीत कमी हवा ढकलतो, त्यामुळे उष्णताही कमी वाहून जाते. जमिनीवर जेमतेम सोसणारा लॅपटॉप वर गेल्यावर लवकर तापतो आणि आपणहून मंदावतो. त्यात खाली पांघरूण असेल, तर बोलायलाच नको.

मोठी बॅटरीच का लावत नाहीत? कारण 100 वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीविना सोबत नेता येते, 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे मनाई. बऱ्याच महागड्या लॅपटॉपवर 99 किंवा 99.9 वॉट-तास छापलेलं दिसतं, ते यामुळेच. पॉवर बँकेला हीच मर्यादा, आणि ती चेक-इन सामानात टाकायची नाही, जवळच ठेवायची. 20,000 मिलिअँपिअर-तासांची बँक, 3.7 व्होल्टने गुणली की 74 वॉट-तास; गेमिंगला तासभरही पुरणार नाही. जानेवारी 2025मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान आगीत जळालं आणि तपासात संशयाची सुई पॉवर बँककडे वळली. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025पासून प्रवासात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली. तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखू नये.

भरवसा ठेवायचा तो झोपेवर. जेवणाची गाडी आली की झाकण मिटा. लॅपटॉप निजला की 65 वॉट जवळजवळ सगळे बॅटरीत जातात आणि तासाभरात दोन-तृतीयांश टाकी भरते. जेवण, एक डुलकी, शेजाऱ्याला वाट देण्यासाठी उठणं, एवढ्यात पुढच्या तीनेक तासांची तूट भरून निघते, आणि हिरवा दिवा एकदाही विझत नाही.