प्रोसेसर कुलर : हवेचा की पाण्याचा

डेस्कटॉप संगणक चालू असताना प्रोसेसरमध्ये तयार होणारी उष्णता ओढून घेऊन खोलीतल्या हवेत सोडणारे साधन म्हणजे प्रोसेसर कुलर. विकत घेताना मुख्यतः दोन पर्याय समोर येतात. तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत आणि पंखा असलेला हवेचा कुलर. त्याला बाजारात ‘टॉवर’ म्हणतात. आणि पंप, रबरी नळ्या व रेडिएटर (द्रवातली उष्णता हवेत सोडणारी पत्र्यांची जाळी) असलेला, कारखान्यातच द्रव भरून सीलबंद केलेला ‘एआयओ’, म्हणजे ऑल-इन-वन. सुटे भाग जोडून स्वतः द्रव भरायचा ‘कस्टम लूप’ हा हौशी लोकांचा प्रांत असून त्याचा खर्च आणि देखभाल पाहता तो या निवडीत सहसा येत नाही.

‘पाण्याचा कुलर’ हा शब्द मराठीत जरा फसवा आहे. विदर्भात कुलर म्हटला की वाळ्याच्या ताट्या लावलेला पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. त्यात पाण्याची वाफ होते, म्हणून तो आत ओढलेल्या हवेपेक्षा गार हवा बाहेर फेकतो. एआयओमधला द्रव बंद नळ्यांत फिरतो. तो उष्णता उचलतो, रेडिएटरवरच्या पंख्यांच्या हवाली करतो आणि परत येतो. शेवटचे काम दोन्हीकडे हवाच करते, त्यामुळे यांपैकी कोणताही कुलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या ४० अंशांच्या खोलीत साधारण ८५ वर जाणार. परदेशी चाचण्यांतले आकडे वाचताना त्यांची खोली किती गार होती ते आधी पाहावे, ते यासाठीच.

प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून हिशेब वॅटपासून सुरू होतो. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा ६५ वॅटचा, भरात आला की ११७ पर्यंत जाणारा. त्याच कंपनीच्या २०२३ मधल्या कोअर आय९-१४९००के ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. जाहिरातीत ठळक छापलेल्या आकड्यावर विसंबू नये : एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स १७० वॅटचा म्हणून विकला जातो आणि २३० पर्यंत वीज ओढतो. त्यातली बहुतेक उष्णता निघते ती प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या, करंगळीच्या नखाएवढ्या दोन चिपांमधून. सिलिकॉनपासून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोचतानाच तिची कोंडी होते आणि त्या टप्प्यावर बाहेरच्या कुलरचे फारसे काही चालत नाही. म्हणून हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत चढून तिथेच थांबतो. एएमडीने तो तसाच घडवला आहे. मोठा कुलर लावला तरी आकडा बहुधा ९५ च दिसतो, वेग मात्र थोडा वाढतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगला टॉवर काढून एआयओ आणि तोही काढून त्याहून मोठा एआयओ बसवणारे लोक आहेत.

गंमत म्हणजे हवेच्या कुलरमध्येही पाणी असते. त्याच्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, पोकळ असतात. आतली हवा काढून थोडेसे पाणी घातलेले असल्याने ते कमी तापमानालाच उकळते, वाफ वर पत्र्यांकडे जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत खाली झिरपते. पंप नाही, वीज नाही. या कल्पनेचे पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळाले होते. पण ती वापरात आली १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधल्यानंतर. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ हा टॉवर आजही मोजपट्टीसारखा वापरला जातो. दोन चळती, सहा हीट पाइप, १४० मिलिमीटरचे दोन पंखे, वजन १.३२ किलो, उंची १६५ मिलिमीटर. यातली उंची महत्त्वाची, कारण अरुंद कॅबिनेटचे झाकण मग लागत नाही. शिवाय पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. आणि एवढे वजन उभ्या मदरबोर्डवर लटकत असताना संगणक कुरिअरने पाठवणे म्हणजे विषाची परीक्षा.

एआयओमध्ये तांब्याचे बूड प्रोसेसरवर टेकते आणि बहुधा त्याच्याच डोक्यावर पंप बसवलेला असतो. पंप आणि बूड एकाच डबीत बसवण्याच्या रचनेची पेटंटे डेन्मार्कच्या असेटेक कंपनीकडे होती. त्यामुळे बरीच वर्षे वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या एआयओंच्या पोटात याच कंपनीचा माल असे आणि भांडण उरे ते शोभेच्या दिव्यांचे. रेडिएटरचा आकार पंख्यांवरून ओळखला जातो : १२० मिलिमीटरचे दोन पंखे म्हणजे २४०, तीन म्हणजे ३६०. सारख्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता साठवते. याचा फायदा दुहेरी. उष्णता प्रोसेसरपासून लांब, कॅबिनेटच्या छतापर्यंत नेऊन मोठ्या पृष्ठभागावर पसरता येते. शिवाय द्रव हळूहळू तापत असल्याने भार क्षणभर उसळला तरी पंख्यांना एकदम ओरडावे लागत नाही. पण याच गुणामुळे पाच मिनिटांची चाचणी फसवी ठरते. द्रव पुरता तापायला दहा-वीस मिनिटे लागतात, आणि खरा आकडा त्यानंतरचा.

मोठ्या यंत्रांत द्रवाचा वापर जुना आहे. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक तर फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असे. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलमध्ये द्रव आणला. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो.

घरच्या निवडीत ६५ वॅटच्या वर्गाला चार हीट पाइपचा साधा टॉवर पुरून उरतो. गेमिंगमध्ये प्रोसेसर सहसा पूर्ण वीज ओढत नाही, त्यामुळे रायझन ७ ७८००एक्स३डी सारख्या १२० वॅटच्या प्रोसेसरलाही दोन चळतींचा टॉवर भरपूर होतो. व्हिडिओ रेंडर करणे, थ्रीडी, तासन् तास कोड कंपाइल करणे अशी कामे २०० वॅटच्या वर चालणार असतील तर ३६० चा एआयओ पैसे वसूल करतो. मधला २४० चा एआयओ मात्र चांगल्या टॉवरच्या आगेमागेच राहतो; तो दिसायला छान म्हणून घ्यावा, पण तसे स्वतःशी कबूल करून. लहान कॅबिनेटमध्ये उंच टॉवर मावत नाही, तिथे २४० च्या एआयओची बाजू खरी भक्कम होते. आवाजाच्या बाबतीत पंपाची बारीक गुणगुण काहींना पंख्याच्या सुसाट्यापेक्षा जास्त खुपते, विशेषतः रात्री.

खरा फरक बिघाडात दिसतो. टॉवरचा पंखा बंद पडला तरी पत्रे थोडीफार उष्णता सोडत राहतात, आणि त्या मापाचा दुसरा पंखा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो. एआयओचा पंप बंद पडला तर थोड्याच वेळात प्रोसेसर वेग कमी करतो, प्रसंगी संगणक बंद होतो; आणि सीलबंद असल्यामुळे सबंध कुलरच फेकावा लागतो. गळती क्वचित होते. द्रव रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षे किंचित उडत राहतो, हे मात्र टळत नाही. कमी झालेल्या द्रवाची जागा हवा घेते आणि ती सर्वांत उंच ठिकाणी गोळा होते. म्हणून रेडिएटरचे निदान एक टोक पंपाच्या वर राहील असेच बसवायचे. नाहीतर हवा पंपात शिरून तो गुळगुळ आवाज करू लागतो.

धूळ दोघांनाही सोडत नाही. दोन वर्षे न उघडलेल्या संगणकाचा पंखा काढला की मागे पत्र्यांवर राखाडी नमदा बसलेला दिसतो, चिमटीत धरला तर अख्खा सोलून निघतो. टॉवरवर तो समोर दिसतो, रेडिएटरवर पंखे आणि पत्रे यांच्या सांदीत लपतो. तापमान वाढल्याची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी अनेकांना ब्रशच पुरेसा असतो. नव्या संगणकाची तक्रार असेल तर बूड उलटून पाहावे : त्यावरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी न काढताच, उष्णता नीट पोचावी म्हणून मध्ये लावायची पेस्ट लावून बसवलेले कुलर आजही सापडतात.

किमतीत ३६० चा एआयओ चांगल्या टॉवरच्या दुप्पट-तिप्पट जातो, आणि टॉवर पुढच्या संगणकालाही चालतो. इंटेलने २०२१ मध्ये एलजीए१७०० सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आणताना कुलरच्या भोकांमधले अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर केले, तेव्हाही बऱ्याच जुन्या टॉवरना नव्या पट्ट्यांनी सांभाळून घेतले. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर तर आधीच्या एएम४ चे अनेक कुलर तसेच बसतात. वापरलेला माल घेणाऱ्याने टॉवर निर्धास्त घ्यावा. वापरलेल्या एआयओत किती द्रव उरला आहे, हे बाहेरून कळत नाही.