कान्हेरीची वाट पाण्याने राखली

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण 6 किलोमीटरचा. सुटीच्या सकाळी त्यावर चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळेच असतात. मुंबईच्या मधोमध हे रान उरलं ते मुख्यतः पाण्यामुळे.

इथे शंभरावर बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं खोदकाम चालू होतं. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांची दानं शिलालेखांत नोंदलेली आहेत. क्रमांक 3 चा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, दुसऱ्या शतकातला. पण निवांत पाहावी ती पाण्याची व्यवस्था. कातळावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी लेण्यांसमोरच्या टाक्यांत, म्हणजे पोढींत, उतरतं. कोरड्या डोंगरावर भिक्खूंचा एवढा मोठा संघ बारा महिने राहिला तो या साठ्यावर. क्रमांक 90 मध्ये 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशांची नावं पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेली आहेत. भिंतीवर नाव लिहायची हौस तेव्हाही होतीच. आज तो गुन्हा आहे.

1839 मध्ये जेम्स बर्ड या अभ्यासकाने इथला स्तूप उकरला, त्यात ताम्रपट सापडला.

जंगलाचं नशीब मात्र तलावांनी ठरवलं. शहराला पाणी पुरवायला 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाले. पाणलोटात वस्ती आणि शेती नको म्हणून झाडी राखली गेली. पुढे त्याभोवतीच राष्ट्रीय उद्यान वाढलं. आज ते 100 चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे.

सायकल डांबरावरच चालवायची. शिलोंड्यासारख्या पायवाटांना परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो, आणि बिबट्याचा वावर पाहता हा नियम योग्यच आहे. भाड्याची सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून ती पुढे ढकलून पाहा. चाक फिरलं तर दुसरी मागा. सैल साखळी नेमकी शेवटच्या चढावर, जोर लावताना उतरते. गिअर असतील तर चढ सुरू होण्याआधीच हलका टाका. उतारावर ओली पानं आणि शेवाळ असतं. वळणात पुढचा ब्रेक आवळला की चाक घसरतं, म्हणून वेग वळणाआधीच कमी करा. सायकल लेण्यांच्या पायथ्याशी कुलूप लावून ठेवा, वर कोरीव पायऱ्या आहेत. पावसात त्या गुळगुळीत होतात, तिथे झिजल्या तळव्याचे बूट कामाचे नाहीत. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात. लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळं, आणि सोमवारी फाटक बंद.