नोटेला बट्टा: उणे व्याजदरांच्या वादामागची गोष्ट

जुन्या काळी सराफाच्या हातात रुपया ठेवला की तो आधी वाजवून बघे. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. पण खरा ठरला म्हणून पूर्ण भाव मिळेलच असं नव्हतं. टाकसाळ कोणती, नाणं किती झिजलंय, हे बघून सराफ बट्टा कापून घेई. अठराव्या शतकातल्या बंगालात तर नाण्याचं वयही मोजलं जाई. चालू सालाच्या सिक्का रुपयाला पूर्ण भाव मिळे आणि साल उलटलं की बट्टा लागे. पैसा नुसता घरात पडून राहिला म्हणून घटतो, हा अनुभव आपल्याकडे असा जुना आहे.

हा बट्टा सराफाच्या पदरात न पडता सगळ्या समाजाच्या उपयोगी पडावा, असं म्हणणारा माणूस होता सिल्विओ गेझेल. जन्माने जर्मन, पेशाने व्यापारी, मुक्काम ब्युनोस आयर्स. १८९० च्या सुमारास अर्जेंटिनात मोठी मंदी आली आणि गेझेलला एक गोष्ट खटकली. बटाटे सडतात, लोखंड गंजतं, कापडाला कसर लागते, म्हणून माल असलेल्याला तो विकावाच लागतो. पैसेवाल्याला कसलीच घाई नसते. तो तिजोरी बंद करून भाव पडायची वाट बघत बसतो. यावर गेझेलचा उपाय असा की पैसाही गंजू द्या. नोट चालू ठेवायची तर तिच्यावर दर आठवड्याला किमतीच्या हजाराव्या हिश्श्याचं तिकीट चिकटवायचं. वर्षाला ५.२ टक्के घट. १९१९ मध्ये जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या क्रांतिकारी सरकारने त्याला अर्थखातं दिलं. ते आठवडाभरात गेलं, वर देशद्रोहाचा खटला झाला, त्यातून तो निर्दोष सुटला.

त्याची कल्पना खरोखर वापरून बघितली ती ऑस्ट्रियातल्या व्योर्गल या छोट्या गावाने. जुलै १९३२. महामंदी ऐन भरात, गावात बेकारी, नगरपालिकेचा कर थकलेला. महापौर मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी गावापुरत्या नोटा काढल्या. त्यांवर दरमहा एक टक्क्याचं तिकीट लावायचं होतं. महिनाअखेरीला ते तिकीट आपल्या माथी नको म्हणून लोक नोट पुढे सरकवू लागले. काहींनी तर थकलेला कर भरून टाकला. रस्ते झाले, पूल झाला. आजूबाजूची गावं तोच मार्ग धरायला निघाली, तेव्हा नोटा छापण्याचा अधिकार फक्त आपला, असं सांगत ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने १९३३ मध्ये प्रयोग बंद पाडला. व्योर्गलचं कौतुक जरा जास्तच होतं, असं मला वाटतं. सव्वा वर्षाच्या, एका गावाच्या प्रयोगावरून देशाची चलनव्यवस्था ठरत नाही.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये गेझेलची दखल घेतली, मार्क्सपेक्षा त्याच्याकडून पुढचा काळ जास्त शिकेल असंही लिहिलं. पण कच्चा दुवा त्यानेच दाखवला. नोटेला घट लावली तर लोक नोट सोडून दुसरं काही धरतील: बँकेतली ठेव, परदेशी चलन, दागिने, सोनं. हे वाचताना मराठी घरातलं बायकांचं कपाट आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे २०१२-१३ च्या सुमारास महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि मुदत ठेवीचं व्याज तिच्यापुढे अपुरं पडत होतं. पासबुकात आकडा वाढायचा, खरेदीची ताकद घटायची. लोक सोन्याकडे वळले, ते कुणाचं पुस्तक वाचून नव्हे.

याच केन्सशी त्याआधी एका मराठी माणसाचा वाद झाला होता. १९१३ च्या आपल्या पुस्तकात केन्सने हिंदुस्थानच्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. देशात चांदीचा रुपया चालवायचा आणि त्याचा पौंडाशी असलेला दर सरकारने सांभाळायचा, अशी ती पद्धत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहून तिच्यावर हल्ला चढवला. रुपया पाडण्याचं प्रमाण सरकारच्या मर्जीवर राहिलं तर त्याची खरेदीशक्ती टिकणार नाही, म्हणून त्या मर्जीलाच कायद्याने मर्यादा घाला, हा त्यांचा मुद्दा. खणखणीत नाण्याच्या बाजूने आजवर जे जे बोललं गेलं त्याचा गाभा हाच आहे. प्रश्न सोन्याचा कमी आणि चलन हाती असलेल्याच्या लगामाचा जास्त. फरक एवढाच की चलन सोन्याला बांधा म्हणणारे पुष्कळ जण धनकोच्या काळजीने बोलतात, आंबेडकरांना चिंता होती ती भाववाढीत मजुरी मागे पडणाऱ्यांची.

पैसा घटवण्याचा गेझेलचा विषय मग बराच काळ पुस्तकांत राहिला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर व्याजदर शून्यापर्यंत उतरले आणि तरीही मागणी उठेना, तेव्हा मध्यवर्ती बँकांनी पायरी ओलांडून दर उणे केले, म्हणजे पैसे ठेवणाऱ्याला व्याज देण्याऐवजी त्याच्याकडूनच कापून घेतलं. डेन्मार्क २०१२ मध्ये, युरोपीय मध्यवर्ती बँक जून २०१४ मध्ये उणे ०.१ टक्क्यावर, स्वित्झर्लंड जानेवारी २०१५ मध्ये थेट उणे ०.७५ वर, मग स्वीडन, आणि २०१६ मध्ये जपान. हा दर मुळात बँकांनी मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या पैशाला होता. सामान्य ठेवीदाराला सुरुवातीला झळ लागली नाही. पुढे जर्मनीत मोठ्या शिलकीवर ती लागू लागली. तिथे लोक त्याला 'दंडव्याज' म्हणत. आपल्याकडे दंडव्याज हप्ता चुकवणाऱ्याला लागतं, तिथे ते बचत करणाऱ्याला लागलं.

आणि इथे गाडी पुन्हा नोटेवर आली. बँकेत पाऊण टक्का कापला जात असेल आणि घरातली नोट जशीच्या तशी राहत असेल, तर पैसे काढून आणणंच शहाणपणाचं. तिजोरी, विमा, पहारेकरी यांचा खर्च कापणीपेक्षा जास्त असेपर्यंतच लोक तसं करायचे थांबतात. म्युनिक रे या बड्या विमा कंपनीने २०१६ मध्ये रोख युरो तिजोरीत ठेवून हिशोब करून बघितला. त्याच वर्षी मे महिन्यात ५०० युरोची नोट काढणं थांबवायचं ठरलं. कारण सांगितलं गेलं गुन्हेगारीचं, आणि ते खोटंही नव्हतं, पण पैसे घरात ठेवण्याची वाट बंद करायचा हा डाव आहे, असा संशय जर्मनांना यायचा तो आलाच. भारतातली नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी काही जण याच माळेत ओवतात. ते चुकतं. तेव्हा आपला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.२५ टक्के होता, शून्याचा प्रश्नच नव्हता.

केनेथ रोगॉफसारखे अर्थतज्ज्ञ मोठ्या नोटा हळूहळू काढून घ्या म्हणत होते. त्याहून मजेशीर मार्ग माइल्स किंबल आणि रुचिर अगरवाल यांनी २०१५ मध्ये मांडला. नोटा ठेवा, फक्त बँकेत भरताना त्यांची किंमत पूर्ण धरू नका. १०० ची नोट वर्षाने समजा ९८ ला. म्हणजे सराफाचा बट्टा, या वेळी मध्यवर्ती बँकेच्या खिडकीवर. एकाही देशाने तो लावला नाही. महागाई परतली, २०२२ मध्ये युरोप शून्याच्या वर आला, मार्च २०२४ मध्ये जपानही.

स्वित्झर्लंडने मात्र या सगळ्या काळात १,००० फ्रँकची नोट सोडली नाही. उलट दर उणे असतानाच, मार्च २०१९ मध्ये, तिची नवी आवृत्ती काढली. जून २०२५ मध्ये तिथला दर पुन्हा शून्यावर आला, तेव्हाही ती चलनात होती.