आत्ता विचारताय की एकूण?

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली. आत्ये पडवीत विळीवर नारळ खवत होती आणि मी शेजारी बसून अढीतले डागी आंबे वेगळे काढत होतो. आमच्याकडे कोकणात खोली घेऊन राहिलेले पुण्याचे पाहुणे समुद्रावरून परत आले. त्यांतल्या एकाने मागच्या पोफळींकडे बघत म्हटलं, "काकू, तुम्ही किती सुखी असाल ना इथे!"

आत्येचा हात थांबला नाही. "आत्ता विचारताय की एकूण?"

पाहुणा गडबडला. तीच पुढे म्हणाली, "आत्ता म्हणाल तर कंबर दुखत्ये, पंखा बंद आहे, नि हा नारळ खवट निघणारसं दिसतंय. एकूण म्हणाल तर बरं चाललंय हो. आगर आहे, माणसं आहेत, देणं कुणाचं नाही."

'सुख' या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी भरतो, त्या आत्येने नारळ खवता खवता निवडून ठेवल्या. एक आनंद, म्हणजे या घटकेला मनाला कसं वाटतंय ते. दुसरी समाधान, म्हणजे मागे वळून आपल्या आयुष्याचा लावलेला हिशेब. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी १९८४ साली या विषयाची मांडणी केली, तेव्हा हे दोन भाग वेगळे धरले. शिवाय सुखद भावना आणि दुःखद भावनाही वेगळ्या मोजायला हव्यात असं म्हटलं, कारण एक वाढली म्हणून दुसरी तेवढीच घटते असं नाही. लेकीच्या पाठवणीच्या दिवशी मांडवात उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल.

मोजण्याच्या रीतीही दोन. समाधानासाठी एक शिडी कल्पायला सांगतात. सर्वांत वरची पायरी १०, म्हणजे तुमच्या कल्पनेतलं उत्तम आयुष्य. तळाची शून्य, म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल यांची ही शिडी १९६५ पासूनची. आनंदासाठी मात्र कालच्या दिवसाबद्दल विचारतात: काल हसलात का, काळजी वाटली का, राग आला का?

आता गंमत बघा. दर वर्षी २० मार्चच्या आसपास जागतिक आनंद अहवाल येतो आणि 'फिनलंड सर्वांत आनंदी देश' अशी बातमी छापून येते. २०१८ पासून तो देश पहिलाच आहे. भारत शंभराच्या पलीकडे. पण हा क्रम लागतो तो शिडीच्या प्रश्नावर, म्हणजे समाधानावर. हसण्याखिदळण्याच्या प्रश्नांवर क्रम लावला तर यादी बदलते, लॅटिन अमेरिकेतले कितीतरी देश वर सरकतात. आणि हा अहवाल नेमका येतो कधी, तर आमच्याकडे शिमगा असतो त्या सुमाराला. ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचत असते, संकासुर पोरांच्या मागे धावत असतो, ढोलाने छाती दणाणत असते. त्या दिवशी कुणी येऊन "काल हसलात का?" विचारलं, तर आमची वाडी फिनलंडला खिशात घालील. त्याच माणसांना शिडी दाखवली, तर पालखी खांद्यावर असलेलाही म्हणेल, "चौथी धरा. पोराला नोकरी लागली की पाचवी." तो दोन्ही वेळा खरंच बोलतोय.

उलटंही असतं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. आंब्याचा हंगाम घ्या. मोहोर आल्यापासून फवारणीची काळजी, मग वानरं हाकणं, मग पहाटे घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन झाडावर. देठ तुटला की चीक उडतो, अंगावर उततो, काळे डाग आठवडा आठवडा जात नाहीत. संध्याकाळी पेट्या गाडीत चढवायच्या आणि वाशीला काय भाव लागला याची वाट बघायची. या तीन महिन्यांत दर तासाला माझ्या चुलतभावाला "कसं वाटतंय?" विचारलं, तर बहुतेक उत्तरं छापण्याजोगी नसतील. पण पाऊस लागल्यावर ओटीवर बसून तोच म्हणतो, "यंदा बरा झाला हंगाम." तास वाईट गेले, वर्ष चांगलं गेलं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात, टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंग एकेक करून आठवायला लावले आणि त्या त्या वेळी कसं वाटत होतं ते विचारलं. आनंदाच्या क्रमात मुलांचं करणं हे स्वयंपाक आणि टीव्ही यांच्याही खाली गेलं. यावरून आयांना मुलं नकोशी असतात असा अर्थ काढणारे लेख मी वाचलेत. तो अर्थ चुकीचा आहे. मोजला गेला तो तास. अंघोळीवरून रडणाऱ्या पोराबरोबरचा तास कुणाला आवडेल? पण त्याच आईला आयुष्याबद्दल विचारा, पोराचं नाव आधी येईल.

पैशाचंही तसंच, थोडक्यात सांगतो. कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतली साडेचार लाखांहून अधिक उत्तरं तपासली. उत्पन्न वाढेल तसं समाधान वाढत राहिलं, रोजचा आनंद मात्र वर्षाला ७५,००० डॉलरच्या आसपास अडला. 'अमुक पैशापुढे सुख वाढत नाही' हे अर्धवट वाक्य तिथूनच पसरलं. पुढे २०२३ मध्ये कानेमन यांनीच, वेगळा निष्कर्ष काढणाऱ्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्याबरोबर बसून हिशेब पुन्हा मांडला: बहुतेकांचा आनंदही वाढतच जातो, अडतो तो सर्वांत दुःखी गटाचा.

आनंद आणि समाधान या दोन्हींत घोळ घालते ती आठवण. १९९३ च्या एका प्रयोगात लोकांना १४ अंशाच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केलेलं. तिसऱ्यांदा यांतलं कुठलं चालेल म्हटल्यावर सुमारे दोनतृतीयांश लोकांनी लांबलेली खेप निवडली. त्रास जास्त, पण शेवट बरा. चाकरमान्याला यात नवं काही वाटायचं नाही. गणपतीला येताना कोकण रेल्वेत दाराशी उभा राहून रात्र काढतो, किंवा महामार्गावर गाडीत अडकून ड्रायव्हरशी भांडतो. पाचव्या दिवशी विसर्जनाची आरती घशात अडकते आणि पुढच्या वर्षी ६० दिवस आधी तो पुन्हा तिकिटासाठी मोबाईल धरून बसलेला असतो. रात्रभराच्या उभं राहण्याचा हिशेब कुणी ठेवतच नाही.

डोंबिवलीचा माझा भाचा गेल्या गणपतीत म्हणाला, "मामा, सगळं सोडून इथेच येतो." पाच दिवसांच्या आनंदावर त्याने तीनशे साठ दिवसांचा निकाल लावला. मी त्याला भाद्रपदाऐवजी आषाढात येऊन राहायला सांगितलं: पाऊस कोसळतोय, मच्छीमारी बंद, नेटवर्क नाही, भिंतीला ओल. तो अजून आलेला नाही.

पाहुण्याचं चुकलं तेही इथेच. संशोधक डेव्हिड शकाडे आणि कानेमन यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मध्य भागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा दोन्हीकडे आयुष्याबद्दलचं समाधान सारखंच निघालं. पण कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. हवा डोळ्यांपुढे आली की बाकीचं दिसेनासं होतं. आमच्या घरातून समुद्र दिसतो, पण बघत बसतो कोण? आमच्यापर्यंत तो खारा वारा होऊन पोचतो, आणि दर दोन वर्षांनी खिडकीचे गज खरवडून रंगवायला लावतो.

मराठीने थोडा गोंधळ वाढवून ठेवलाय हेही खरं. 'समाधान मानून घे' म्हटलं की त्यात मन मारणं आलं. शिडीवरचं समाधान तसं नसतं. सातव्या पायरीवरचा माणूस वरच्या तीन पायऱ्या बघत असतोच. आत्येचंही तेच. 'बरं चाललंय' म्हणाली खरी, पण पाणी चढवायचा पंप बदलायचं तिच्या डोक्यात वर्षभर आहे.

संध्याकाळी लाईट आली. पाहुणा चहाला पडवीत आला आणि हसत म्हणाला, "काकू, आत्ता?"

"आत्ता पंखा आहे," आत्ये म्हणाली. "आणि नारळ चांगला निघाला."