प्रकाशाने तपासलेला आंबा ‘किरणं मारलेला’ नसतो

गोडी मोजणारं यंत्र फळावर किरणं मारतं, मग ते फळ खाण्यालायक राहत नाही, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-60 ची गॅमा किरणं वापरतात. 2007 पासून अमेरिकेला गेलेल्या आंब्यांवर कीड रोखण्यासाठी हीच प्रक्रिया झाली. ती प्रक्रिया आहे, तपासणी नव्हे. आणि तिच्यानेही फळ किरणोत्सर्गी होत नाही.

गोडी मोजणाऱ्या यंत्रात असतो साधा हॅलोजन दिवा. त्याचा साधारण 700 ते 1100 नॅनोमीटरचा प्रकाश सालीतून गरात शिरतो, विखुरतो आणि काही भाग परत येतो. 970 च्या आसपास पाणी तो जास्त शोषतं. साखरेचा ठसा त्याहून पुसट, म्हणून गणिताने वेगळा काढावा लागतो. त्यासाठी आधी शेकडो फळं कापून, रस काढून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, मोजावा लागतो. हापूसवर बसवलेलं गणित केशरला जसंच्या तसं चालत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी या तंत्राचा पाया घातला. जपानमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस पीच याच पद्धतीने निवडले जाऊ लागले.

खरी मर्यादा वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल बोललं पाहिजे. साका, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, कोयीलगत धरतो. परतलेला प्रकाश मुख्यतः सालीजवळच्या गराचीच खबर देतो. त्यामुळे यंत्राने गोड ठरवलेला हापूसही आत साक्याचा निघू शकतो.