अंगठे कमी झाले, पण शिकलं कोण?

यवतमाळकडच्या आमच्या गावात महिला बचत गटाचं जुनं रजिस्टर चाळत होतो. पहिल्या पानावर दहा बाया, त्यात चार अंगठे. त्यातली एक आजी अंगठा उमटवला की शाई केसांना पुसायची आणि म्हणायची, "लिवता नाही येत मले, पण पैसे मोजता येते."

शेवटच्या पानावर अंगठे दोनच. सही करणाऱ्या ६० टक्क्यांवरून ८० टक्के झाल्या. (नुसती सही आली म्हणून जनगणना कुणाला साक्षर धरत नाही, समजून वाचता-लिहिता यावं लागतं. इथे सही ही ढोबळ खूण.) पण गट शिकला का? छे! थकलेल्या दोघी सुटल्या, त्यांच्या जागी दहावी झालेल्या सुना आल्या. एकही बाई नव्याने अक्षर शिकली नाही, तरी टक्का चढला.

देशाच्या आकड्यातही हा हिशेब दडलेला आहे. १९५१ साली साक्षरता १८.३३ टक्के, २०११ साली सुमारे ७३. या चढणीत मोठा वाटा पिढी बदलण्याचा: शाळा पाहिलेले वाढत गेले, न पाहिलेले सरत गेले.

शिवाय मोजमापच बदललं. १९७१ पर्यंत पाच वर्षांपुढच्या सगळ्यांना मोजत, पुढे सात वर्षांपुढच्यांना. १९८१ ची साक्षरता जुन्या मापाने सुमारे ४१.४ टक्के, नव्या मापाने ४३.५७. पाच-सहा वर्षांची पोरं हिशेबातून वगळली, एवढंच!

उलटंही होतं. टक्का दर दशकात वाढत असताना निरक्षरांची संख्याही वाढतच होती, कारण लोकसंख्या त्याहून जोरात पळत होती. निरक्षरांची संख्या स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा घटली १९९१ ते २००१ या दशकात, तीन कोटींहून जास्त. माझ्या मते खरी बातमी ही होती. स्त्री-पुरुषांमधली तफावतही आधी रुंदावली: १९५१ साली १८ अंक, १९८१ साली साडेसव्वीस, मग २०११ पर्यंत सोळाच्या आसपास. मुलगे आधी शाळेत गेले, मुली मागून.

म्हणून मी आता एकूण टक्का नंतर बघतो, आधी वयोगटाचा रकाना. आमच्या रजिस्टरला तो लावून पाहिला. चाळिशीच्या आतल्या सगळ्यांच्या सह्या, आणि उरलेले दोन्ही अंगठे साठीच्या पुढचे.