मातृवंदना योजना: पैसे नेमके कुठे अडकतात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० एकदम. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून घेतात, पोर्टलवर स्वतःही भरता येतो. कुणालाही पैसे द्यायचे नाहीत.

पात्रतेसाठी एकच पुरावा लागतो: अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमाती), ई-श्रम, जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. रेशनकार्ड हाताशी असताना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालू नका. कायम सरकारी नोकरीतल्या बायकांना ही योजना नाही.

शहरात अडतं ते माता-बाल संरक्षण कार्डापाशी, म्हणजे तपासण्या आणि लसी ज्यावर चढतात त्या सरकारी कार्डापाशी. सगळ्या तपासण्या खासगी दवाखान्यात, फाइल जाडजूड, पण सरकारी नोंदच नाही. डॉक्टर खासगी ठेवा हवं तर, पण उपकेंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात नाव घालून आरसीएच नंबर (आई-बाळाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) घ्याच. बाळंतपणाला माहेरी जाताना कार्ड सोबत न्या. तिथे दिलेली लस त्यावर चढली नाही तर दुसरा हप्ता लटकतो, आणि सासरचं केंद्र माहेरकडे बोट दाखवतं, माहेरचं सासरकडे.

नावाचा घोळ तर घरोघरी. लग्न झालं, पण आधारवर अजून माहेरचं आडनाव. आधार बदलून मग फॉर्म भरू म्हणत महिने घालवू नका. आधारवर जे नाव आहे तेच फॉर्मवर लिहा.

पहिल्या बाळंतपणाच्या अर्जाची मुदत बहुतेक जण चुकीची धरतात. ५७० दिवस म्हणजे दीड वर्षाहून जास्त, हे खरं. पण ते शेवटच्या पाळीच्या तारखेपासून, बाळाच्या जन्मापासून नव्हे. म्हणजे बाळ साडेनऊ महिन्यांचं झालं की खिडकी बंद. 'पाडव्याच्या आसपास पाळी आली होती' असं सांगून अंदाजे तारीख टाकू नका. कार्डावर एक आणि फॉर्मवर दुसरी असली की अर्ज परत येतो.

आता बँक. 'आधार लिंक आहे' असं पासबुक दाखवून सांगतात, पण केवायसीला आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं जोडणं वेगळं. काउंटरवर 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असंच म्हणा. दोन-तीन खाती असतील तर सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. पैसे आलेच नाहीत म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे ते अशाच, शेवटी जोडून विसरलेल्या खात्यात सापडतात.

दुसऱ्या वेळी गरोदरपणातच नोंद हवी. मुलगी झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पुढे तिच्या जन्मापासून २७० दिवसांची मुदत. जुळ्यांत एक जरी मुलगी असली तरी लाभ मिळतो.

गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो. हे कार्यालयात कुणी आपणहून सांगत नाही आणि त्या बाईला विचारवत नाही. आशाताईंनीच सांगावं.